कुलूप शाबूत, दरवाजा गायब

"साहेब, दरवाजा गेला! अख्खा दरवाजा उचलून नेला राव!"

ही आरोळी माझ्या कानातून अजून बाहेर पडलेली नाही. उभी हयात खात्यात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, सासूला कोंडून सिनेमाला गेलेली सून पाहिली. पण सकाळची हजेरी आटोपून पहिला चहा ओठाला लावावा आणि कोणी दरवाजा चोरीला गेल्याची तक्रार घेऊन यावं, हे एकदाच घडलं. आरोळी ठोकणारे गृहस्थ म्हणजे वस्तीतल्या समाजमंदिराच्या समितीचे अध्यक्ष. सगळे त्यांना 'भाऊ' म्हणत. आवाज असा, की ते ठाण्याच्या फाटकात बोलले तर लॉकअपमधला आरोपी मागच्या भिंतीला चिकटायचा. त्या दिवशी तर टेबलावरची काच थरथरली आणि माझ्या चहावर लाटा उठल्या.

"भाऊ, बसा. कसला दरवाजा?"

"समाजमंदिराचा! लोखंडी! नवा कोरा!"

"कुलूप तोडलं?"

भाऊ घुटमळले. "कुलूप न्हाई तोडलं, साहेब. कुलूपबी गेलं. दरवाजालाच होतं ना ते."

माझ्या मागे उभे असलेले हवालदार खाकरले. ठाण्यात त्यांना सगळे बुवा म्हणत, कारण दर गुरुवारी ते भजनात पेटी वाजवायचे. ते खाकरले म्हणजे हसू दाबत आहेत, एवढं मला सवयीने कळायचं.

भाऊंचा हट्ट, की गुन्हा आत्ताच्या आत्ता दाखल करा. मी म्हटलं, आधी जागा पाहतो. अर्ज चौकशीवर ठेवला, डायरीला नोंद केली आणि बुवांना घेऊन निघालो.

ही वस्ती भोसरीकडून चाकणला जाताना हमरस्त्याच्या डाव्या अंगाला लागते. बीड, लातूर, सोलापूर, कोकण, सगळा महाराष्ट्र तिथे एकेका खोलीत राहतो. एका खोलीत पहिल्या शिफ्टचा उठतो, त्याच अंथरुणावर तिसऱ्या शिफ्टचा आडवा होतो. उशी बिचारी कधी थंड होत नाही. या वस्तीत मोकळी म्हणावी अशी एकच जागा, ती म्हणजे समाजमंदिर. तिथे गुरुवारी भजन, पौर्णिमेला बुद्धवंदना, सकाळी पोरांची अभ्यासिका, दुपारी बायकांचा बचत गट. बारसं तिथे, दहाव्याचं जेवणही तिथेच.

भाऊंनी पालिकेत खेटे घालून घालून ते समाजमंदिर नवं करून घेतलं होतं. हे श्रेय त्यांचंच. फरशी अशी गुळगुळीत, की तिच्यात बघून दाढी करावी. आणि दरवाजा! दोन झडपांचा, जाड पत्र्याचा, वर उगवत्या सूर्याची नक्षी. बसवायला क्रेन आली होती म्हणतात, आणि क्रेनवाला दुसऱ्या दिवशी कंबर धरून दवाखान्यात गेला. किल्ल्याला शोभला असता तो दरवाजा.

फक्त एक झालं होतं. काम पूर्ण होऊन उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तरी उद्घाटन झालं नव्हतं. भाऊंना त्यासाठी एक मोठे पाहुणेच हवे होते आणि पाहुण्यांना तारीख नव्हती. मग उद्घाटनाआधी फरशीला डाग नको म्हणून भाऊंनी झळझळीत पितळी कुलूप घातलं. पाहुणे आज येतील, उद्या येतील, आणि समाजमंदिर आतल्या आत नवंच राहत होतं. अखेर येत्या रविवारची तारीख मिळाली, आणि नेमका त्याच आठवड्यात दरवाजा नाहीसा झाला.

जागेवर पोचलो तर गंमतच. दरवाजाच्या जागी मोकळी चौकट, आणि आत जत्रा भरलेली! म्हातारे भिंतीला पाठ लावून पेपर वाचताहेत, बायका मेथी निवडताहेत, लेकरं नव्या फरशीवर घसरगुंडी खेळताहेत. चोरी झालेल्या जागी एवढं समाधान मी ना आधी पाहिलं ना नंतर.

"बघा, बघा! सगळी फरशी खराब करायलेत!" भाऊ ओरडले. एका आज्जींनी मेथीची काडी उचलून पिशवीत टाकली आणि दुसरी जुडी सोडली.

मी चौकट पाहिली. कंत्राटदाराने बिजागऱ्या रस्त्याच्या बाजूला काढल्या होत्या. म्हणजे कुलूप वाघासारखं आणि बिजागऱ्या शेळीसारख्या. कोणीतरी दोन्हीकडच्या पिना सोडवून, दोन्ही झडपा कुलपासकट एकत्र उचलल्या होत्या. ओरखडा नाही. उलट बिजागऱ्यांना तेल घातलेलं. पिना आणि वायसर एका कपड्यात बांधून खिडकीत नीट ठेवलेले.

बुवा म्हणाले, "साहेब, चोर फार शिस्तीचा दिसतो."

"चोर नाही बुवा, फिटर दिसतो."

पण त्या वस्तीत फिटर शोधणं म्हणजे आळंदीत टाळ शोधणं. दगड मारला तर तो फिटरला लागतो आणि उडून टर्नरला.

समोरच्या भिंतीशी रविवारसाठी स्टेज मांडलेलं होतं. विटांवर उंच केलेलं, वर लाल गालिचा. भाऊ अभिमानाने म्हणाले, "हे बघा, दरवाजा गेला तरी स्टेज लोकांनी आज पहाटेच आपणहून बांधलं. माझा शब्द मानतात लोक." मी त्याच स्टेजच्या कडेला टेकलो, कोणीतरी चहा आणून दिला, आणि जबाब घेऊ लागलो.

जबाब असे झाले:

"दरवाजा कधीपर्यंत पाहिला?"

"होता तवर पाहिला."

"मग कुठे गेला?"

"तेच म्हनलं, कुठं गेला आसंल?"

म्हातारे असंच म्हणाले, बायकाही, लेकरंसुद्धा. माझा अनुभव सांगतो. खोटं बोलणारे चार जण असले की चार वेगवेगळ्या गोष्टी निघतात. सगळी वस्ती एका सुरात बोलते तेव्हा ती खोटं बोलत नसते, ती कोणाला तरी झाकत असते.

भंगारवाल्यांकडे माणसं पाठवली, टेम्पोवाल्यांना विचारलं. एवढा दरवाजा गेला असता तर त्याच्या वजनाने रस्त्यावर चाकोरी उठली असती. कुठेच काही नाही.

खबर आली ती कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून. हा जुन्या गावठाणातला माणूस; त्याला सगळे मामा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तो आपणहून ठाण्यात आला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, चोर लवकर धरा. माझा धंदा बसला."

"दरवाजा समाजमंदिराचा. तुझा धंदा कसा बसला?"

"आवो, तिसऱ्या शिफ्टची पोरं सकाळी सुटली की माझ्या बाकड्यावर बसायची. दुपार होईस्तवर च्या, च्या आन् च्या! जांभया द्यायची आन् च्या प्यायची. दरवाजा गेल्यापासनं एक न्हाई फिरकत."

"कुठे जातात?"

"घरी जाऊन झोपत्यात की! समदी वस्ती झोपाय लागलीय, साहेब. आसंच चाललं तर आमी काय करायचं?"

गुन्ह्याच्या तपासात हेतू महत्त्वाचा. मला तोपर्यंत दरवाजाचा भाव दिसत होता, हेतू दिसत नव्हता. मामाच्या त्या रडगाण्याने एकदम उजेड पडला.

मी उठून पुन्हा समाजमंदिरात गेलो. मेथी निवडणाऱ्या त्या आज्जी तिथेच होत्या; आज शेंगा फोडत होत्या. मूळच्या बीडकडच्या. मी शेजारी मांडी घातली आणि शेंगा फोडू लागलो. पोलिसाने प्रश्न विचारण्याआधी हाताला काम घ्यावं, समोरच्याचं तोंड लवकर सुटतं.

"आज्जी, कुलूप होतं तेव्हा कुठे बसायचात?"

"पुलाखाली."

"कशाला? घर आहे ना?"

आज्जींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच पुलाखालून आलो. "घर हाय की. येक खोली हाय. पोरगं रातच्या पाळीला जातंय, पत्रे दाबायच्या मशिनीवर. सकाळी येऊन आडवं होतंय. मंग म्या, सून, लेकरू, आमी भाईर. भांडं वाजलं तरी त्याची झोप मोडती. पयले हितं येऊन बसायचो. कुलूप आलं तवा पुलाखाली गेलो. तिथं धूळ, गाड्या. लेकरू रडाय लागलं की घरी जावं लागायचं. लेकरू घरी, की पोराच्या झोपेचं वाटुळं."

"मग?"

"मंग काय? येक दिस मशिनीवर डोळा लागला त्याचा. जोडीदारानं कालर धरून वडलं. हातमोजा आत गेला, हात भाईर ऱ्हायला."

शेंग फोडणारा माझा हात थांबला. आज्जींचा थांबला नाही.

"देवानं दिला परत हात," त्या म्हणाल्या. "पर देवाला सारकं सारकं किती वडायचं, सायेब?"

मी मुलाचा पत्ता विचारला. त्यांनी सांगितला नाही. पण बुवांनी एव्हाना पोरांकडून काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शिफ्टवरून येताच ठाण्यात बोलावलं. तगडा, सरळ माणूस. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, डोळे तांबडे. मी समोर बसवलं, टेबलावर हात ठेवले आणि माझा तो जगप्रसिद्ध दरारा चेहऱ्यावर आणला. या दराऱ्यापुढे एकदा एका दरोडेखोराने माझ्याकडे नोंद नसलेले गुन्हेही कबूल केले होते.

"दरवाजाचं काय माहीत आहे?"

"साहेब, आम्ही चोरी करत नसतो."

एवढं म्हणून तो गप्प झाला. मी वाट पाहिली. आरोपी गप्प बसला की आपणही गप्प बसावं, पहिला जो बोलतो तो हरतो. मी मिशीला पीळ देत टक लावून पाहत राहिलो. त्याची मान हळूहळू खाली गेली. पश्चात्ताप! मी मनात म्हटलं, आता पडतो कबुलीचा धबधबा.

आणि तो घोरायला लागला.

साधं घोरणं नव्हे. वायरलेसवरच्या अंमलदाराने 'ओव्हर' म्हणून उत्तर दिलं, असं घोरणं. बुवा पुढे आले, "साहेब, उठवू?"

"झोपू द्या."

बुवांनी आपल्या टॉवेलची घडी त्याच्या मानेखाली दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो खुर्चीत झोपला आणि ठाण्याचा सगळा कारभार आम्ही कुजबुजत केला. एक नवराबायको भांडत आले, त्यांना मी ओठांवर बोट ठेवून बाहेर पाठवलं. कुजबुजत भांडता येईना म्हणून ते तिथेच समेट करून गेले.

जाग आली तेव्हा तो दचकून उभा राहिला. "साहेब, गुन्हा दाखल केला काय? मी कंत्राटी आहे. पोलीस पडताळणीचा दाखला खराब झाला की कंपनीच्या गेटच्या आत घेत नाहीत. मी एकटा असतो तर चाललं असतं. बरोबरची पोरं..." आणि तो थबकला.

मी फक्त म्हटलं, "घरी जा. जेव. झोप."

एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. ज्याला खरंच काही माहीत नसतं तो म्हणतो, 'मला माहीत नाही.' हा म्हणाला, 'आम्ही चोरी करत नसतो.' माणूस सरळ होता. म्हणजे दरवाजा काढला होता, पण चोरला नव्हता. मग तो होता कुठे?

उत्तर खुद्द भाऊंनीच दिलं. शुक्रवारी दुपारी त्यांनी समाजमंदिरात सभा बोलावली. सगळी वस्ती आली, म्हणजे जागी असलेली. मी आणि बुवा मागे उभे. भाऊ स्टेजवर चढले.

"परवा पाहुणे येणार! आन् आपल्या समाजमंदिराला दरवाजा न्हाई! ज्यानं कोणी नेला आसंल त्यानं मुकाट्यानं आणून ठेवा! न्हाईतर साहेब हितं उभेत, एकेकाला आत टाकतील! मी सांगतो, मी त्या चोराला..." आणि भाऊंनी संतापाने पाय आपटला.

ढण्णण!

लाकडी स्टेजवर पाय आपटला तर 'धप' होतो. हा आवाज मंदिरातल्या घंटेच्या काकाचा होता. आणि त्याच क्षणी पहिल्या रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम खोकायला लागल्या. तान्ह्या लेकरांपासून आजोबांपर्यंत खोकल्याची अशी साथ आली, की आरोग्य खात्याने पथक पाठवावं.

भाऊ म्हणाले, "पाणी प्या, पाणी प्या," आणि पुन्हा पाय आपटला. ढण्णण! पुन्हा खोकला.

मी बुवांकडे पाहिलं. बुवा वर पंख्याकडे पाहत होते. पेटी वाजवणाऱ्या माणसाला तो आवाज पहिल्याच दिवशी, मी स्टेजला टेकलो तेव्हाच कळला असणार, अशी मला दाट शंका आहे. त्यांनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

सभा संपली. लोक पांगले. मी भाऊंना थांबवलं, स्टेजपाशी नेलं आणि गालिच्याखाली हात घातला. बोटांना काहीतरी गार लागलं. झळझळीत पितळी कुलूप.

"भाऊ, दरवाजा मिळाला."

भाऊ वाकले, पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला. "मी... याच्यावर उभा राहून..."

"हो."

"सगळ्या वस्तीसमोर..."

"दोनदा पाय आपटून."

ते खालीच बसले. मग मोठ्याने म्हणाले, "टाका एकेकाला आत! माझी चेष्टा करायलेत!"

मी त्यांच्याशेजारी बसलो. बराच वेळ त्यांच्या रागाला वाट करून दिली. मग हातमोज्याची गोष्ट सांगितली. पुलाखालचं लेकरू सांगितलं. ठाण्यात झोपलेला माणूस सांगितला. भाऊ ऐकत राहिले.

"मला कुणी सांगितलं न्हाई, साहेब."

"तुम्ही बोलत असताना कोण सांगणार?"

यावर ते हसले नाहीत. स्टेजवरून हात फिरवत म्हणाले, "मी बारका होतो तवा माझा बाप कंपनीत रात्रपाळी करायचा. आई आमाला घेऊन मारुतीच्या पारावर बसायची. तिथं आता चार मजली बिल्डिंग हाय. म्हणून तर हे बांधून घेतलं, राव. चांगलं दिसावं, पाहुण्यांनी नाव घ्यावं, एवढंच वाटलं."

मी कायदा समजावला. वस्तू जागेच्या बाहेर गेलेली नाही, कोणाच्या घरी नाही, विकलेली नाही. समितीची मालमत्ता समितीच्याच इमारतीत, समितीच्याच अध्यक्षांच्या पायाखाली. यात चोरी कशी लावायची? आणि लावलीच, तर पंचनाम्यात माल कुठे मिळाला ते लिहावं लागेल. वर कोण उभं होतं, तेही.

भाऊंनी अर्ज मागे घेतला. मी शेरा मारला: 'मालमत्ता जागेवरच मिळून आली, अर्जदाराची काही तक्रार नाही, अर्ज निकाली.' माझ्या सगळ्या कारकिर्दीत इतका खरा शेरा मी दुसरा लिहिला नाही.

"आन् रविवारी?" भाऊंनी विचारलं. "परत बसवायचा का?"

"स्टेज छान दिसतंय," मी म्हटलं. "मजबूतही आहे."

भाऊंनी चौकटीकडे पाहिलं. उन्हाचा चौकोन आत फरशीवर पडला होता आणि त्यात आज्जींचा नातू पाय पसरून बसला होता. मग त्यांनी किल्ली खिशातून काढली आणि स्टेजखाली सरकवून दिली.

आता मी सांगवीत राहतो. निवृत्त पोलीस घरात बसला की घरच्यांची चौकशी सुरू करतो, म्हणून घरचे मला दुपारी विरंगुळा केंद्रात पाठवून देतात. तिथे पत्ते खेळता खेळता ती केस हटकून आठवते. खात्यात असताना मी गस्त वाढवून पाहिली, नाकाबंदी करून पाहिली. पण भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत लोकांना दिवसा टेकायला एक उघडी जागा असली, की निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत, हे मला त्या दरवाजाने शिकवलं. घरात एक माणूस निवांत झोपतो, कारण बाकीच्यांना बाहेर बसायला छप्पर असतं. समाजमंदिराचं काम फीत कापल्यावर सुरू होत नाही. ज्या दिवशी कोणी तिथे मेथी निवडायला बसतं, त्या दिवशी त्याचं उद्घाटन झालेलं असतं. आणि तपासाबद्दल म्हणाल, तर गुन्हा कोणी केला हे शोधण्याआधी गुन्ह्याने कोणाची सोय झाली ते पाहावं. कधीकधी ती सोय आपल्याला मोडवत नाही.

आज्जींच्या मुलाचा दाखला स्वच्छ राहिला. पुढे तो त्याच कंपनीत कायम झाला. हात दोन्ही शाबूत. पेढे देताना दोन्ही हातांनी दिले.

रविवारचं सांगायचं राहिलं. पाहुणे आले. दणक्यात फटाके, गळ्यात हार. रिकाम्या चौकटीला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फीत बांधली होती. फीत कापायला कात्री पुढे झाली, तेव्हा सगळी वस्ती आधीच आत बसलेली होती. फितीखालून वाकून गेली होती. पाहुण्यांनी स्टेजवरून भाषण केलं, भरात येऊन दोनदा पाय आपटला, आणि दोन्ही वेळा अख्खी वस्ती खोकली. पाहुणे म्हणाले, या भागात प्रदूषण फार आहे, वरपर्यंत बोलतो.

निघताना ते चौकटीपाशी थांबले. वर पाहिलं, खाली पाहिलं, बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं. भाऊंचा चेहरा पांढरा पडला. बुवा पंख्याकडे पाहू लागले. मी टोपी सारखी केली.

"काय हो, एवढी छान इमारत," पाहुण्यांनी विचारलं, "दाराचं काय?"

चौकटीला टेकून शेंगा फोडत बसलेल्या आज्जींनी मान वरही केली नाही.

"उघडं हाय," त्या म्हणाल्या.